ताणाला बांधलेलं तोरण

विजेच्या खांबाकडे लोक पाहतात तेव्हा वर पाहतात. तारा, पक्षी, अडकलेला पतंग. खांबापासून चार पावलांवर जमिनीतून तिरकी वर गेलेली एक जाड तार असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिला अडखळल्यावर मात्र शिवी देतात. या तारेला आमच्यात ताण म्हणतात. मी वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता आहे. नोकरीला पाच वर्षं झाली आणि या पाच वर्षांत मी ट्रान्सफॉर्मरपेक्षा ताणाबद्दल जास्त बोलले आहे. एकूण मी कमी बोलते, हे लक्षात घेतलं तर ते पुष्कळच म्हणायला हवं.

या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी आधी नाही म्हणाले. माझं शिक्षण जालन्यात इंग्रजी शाळेत झालं. मराठी लिहायला मी खऱ्या अर्थानं शिकले ती लाइनमन लोकांच्या नोंदवहीतून. त्यामुळे वाक्यं कोरडी वाटली तर समजून घ्या.

ताणाचं काम सोपं आहे. सरळ जाणाऱ्या लाइनमधला खांब दोन्ही बाजूंनी सारखाच ओढला जातो, म्हणून उभा राहतो. लाइन जिथे वळते किंवा संपते, तिथे तारा त्याला एकाच बाजूला ओढतात. आमच्याकडची काळी जमीन पावसात मऊ होते आणि मग खांब हळूहळू झुकायला लागतो. त्याला उलट्या बाजूनं धरून ठेवायचं काम ताणाचं. रस्सीखेचीत सगळ्यांत मागे पाय रोवून एक जाडा माणूस उभा असतो, तसा. त्याचं खालचं टोक जमिनीत काँक्रीटमध्ये पुरलेलं असतं. आणि मध्ये, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, चिनी मातीचा एक तपकिरी गोळा ओवलेला असतो. मुठीएवढा. आमचे लोक त्याला अंडं म्हणतात. वरून चुकून ताणात वीज उतरली तर ती या अंड्याशी थांबते, खालच्या तारेत येत नाही. ही गोष्ट त्या अंड्याची आहे.

पण आधी ताणाला लोक काय काय बांधतात ते सांगते. माझ्या डायरीत त्याची यादी आहे. ओल्या साड्या, शेळ्या, वाढदिवसाचे बॅनर, मांडवाची दोरी. वडीगोद्रीला हायवेलगत एका हॉटेलवाल्यानं पडवीचा पत्राच ताणाला आवळला होता. मी काढायला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा खांब पडू न्हाई म्हणून तं बांधला." मोटारसायकलवाल्यांना दिसावा म्हणून आम्ही ताणाला पिवळा पाइप घालतो. तो पंधरा दिवसांत नाहीसा होतो. एक पाइप मला पुढे एका गोठ्यात सापडला. त्यातून म्हशींच्या टाक्यात पाणी पडत होतं. पाइप पिवळाच होता आणि त्यावर आमचं धोक्याचं चिन्हही होतं.

हे सगळं पाहायला मला शिकवलं ते रंगनाथकाकांनी. काका आमच्या शाखेतले सगळ्यांत जुने लाइनमन, गावांच्या भाषेत वायरमन. मी रुजू झाले तेव्हा त्यांची निवृत्ती तीन वर्षांवर होती. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर लाइन बघायला गेले आणि प्रत्येक खांबाजवळ थांबून वहीत काहीतरी लिहू लागले. चौथ्या खांबाला काका म्हणाले, "मॅडम, खांब कामून बघून राह्यल्या? खांब खोटं बोलतो. ताण बघा."

मग त्यांनी हातातल्या लाकडी काठीनं ताणावर टक् केलं. तार घट्ट असेल तर काठी लगेच उडून परत येते आणि आवाज चढा लागतो. ढिली असेल तर आवाज बसलेला. पुस्तकात ताणाची कोष्टकं होती, ती मला पाठ होती. काठी कुठल्याच पुस्तकात नव्हती. आता माझ्याही गाडीत एक काठी असते.

ज्या गावाबद्दल सांगायचं आहे ते तीर्थपुरीच्या बाजाराला येणाऱ्या गावांपैकी एक. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. तिथे वेशीत मारुतीचं देऊळ आहे, देवळासमोर लिंबाचं झाड, आणि झाडाच्या समोर रस्त्याच्या पलीकडे आमचा कोपऱ्यावरचा खांब. त्या खांबाचा ताण म्हणजे द्वारकामावशींच्या म्हशीचा खुंटा. मावशींचं घर खांबाला लागूनच. शिवाय त्यांनी ताणाच्या बुडाशी दोडक्याचा वेल लावला होता. पावसाळ्यात तो ताणावरून दिमाखात वर चढायचा.

मी पहिल्यांदा म्हैस सोडायला सांगितली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग कुठी बांधू? तुमच्या हापिसात?"

"मावशी, म्हैस मान घासते ना, तेव्हा खांब हलतो. वर तारा एकमेकींना लागतात."

"तिची मान खाजवून राह्यली तं ती घासनारच की. तुमची खाजवत न्हाई का?"

काका मागे तोंड फिरवून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. मी वहीत 'समज दिली' असं लिहिलं. समज मलाच मिळाली होती. निघताना मावशींनी पदरातून पाच-सहा दोडकी माझ्या हातात दिली. पुढची दोन वर्षं हेच चाललं. मी म्हशीवर बोलायचे, त्या उत्तर द्यायच्या, मी दोडकी घेऊन परत यायचे. एकदा तर त्यांनीच दुरून ओरडून सांगितलं, "आली का माय? थांब, म्हस सोडते, तुझं लिहून झालं की बांधते."

दोन वर्षं मी त्या म्हशीकडे पाहत होते. वेलाच्या आत, वर, अंडं आहे की नाही हे मी एकदाही पाहिलं नाही. हे मला आज लिहितानाही सोपं जात नाही.

काकांच्या निवृत्तीच्या वर्षीचा पोळा आला. काका म्हणाले, "मॅडम, त्या गावचा पोळा एकदा बघा तं खरं. पुरनपोळी आपल्याला अंकुशआबाकडं हाय." अंकुशआबा म्हणजे त्या गावचे मानकरी. त्यांचा बैल तोरण तोडतो, मग बाकीच्या जोड्या वेशीतून निघतात. मी अशा ठिकाणी जायचं टाळते. गर्दीत मला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. पण काकांचा तो नोकरीतला शेवटचा पोळा होता, म्हणून हो म्हणाले.

आठ दिवस पाऊस चालू होता. पोळ्याच्या दिवशी सकाळी थोडी उघडीप झाली. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले असतील. देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण जमिनीवर पसरलेलं होतं, नारळ बांधायचं काम चाललेलं होतं. काकांच्या गाडीमागे शिडी होती. अंकुशआबांनी त्यांना पाहताच हाक मारली, "या वायरमन, या! टोक तुमचीच वाट बघून राह्यलं."

तेव्हा मला कळलं की तोरणाचं एक टोक लिंबाला बांधतात आणि दुसरं ताणाला. आणि हे दुसरं टोक बांधायचा मान वायरमनचा. कारण शिडी त्याच्याकडे आणि वर चढायची सवयही त्यालाच. काकांना दरवर्षी त्यासाठी टोपी आणि नारळ मिळायचा. मी काकांकडे पाहिलं. आयुष्यभर ताणाला साडी वाळत घालू न देणारा माणूस शिडी उतरवत होता.

"काका, ताणाला?"

"एक दिसाचं तं हाय, मॅडम." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

मी बोलावं की नाही हे ठरवत उभी होते, तेवढ्यात द्वारकामावशी आल्या. त्यांना पोळ्याशी घेणं नव्हतं, त्यांची तक्रार वेगळी होती.

"बरं झालं आलीस माय. चार दिस झाले, म्हस तिच्या जाग्यावर जाऊन न्हाई राह्यली. दावं तोडून पळती. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या, तरी न्हाई."

"ताणाजवळ जात नाही?"

"बिलकुल न्हाई. पाच हात लांबूनच फुसफुस करती."

जमिनीत वीज उतरत असेल तर माणसाला चपलेतून कळणार नाही, पण म्हशीला कळतं. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरंच अंतर असतं, त्यामुळे वीज एका पायातून चढून तिच्या अंगातून जाते. ती बोलू शकत नाही, दावं तोडू शकते.

"काका, शिडी लावू नका," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. काका शिडी खांद्यावर घेऊन ताणाकडे चालले होते. मी पळत पुढे गेले आणि त्यांच्या शिडीला धरलं.

पुढचं काम आम्ही हातमोजे, कोरडी फळी आणि आमच्या साधनांनी केलं. कुणी घरच्या टेस्टरनं असं करू नये. टेस्टरचा दिवा लागला. मंद, पण लागला. काकांनी तो पाहिला. मग ज्या वेगानं ते डीपीकडे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे पळाले, तो वेग साठीला आलेल्या माणसाचा नव्हता. त्यांनी गावाची लाइन बंद केली, मी सबस्टेशनला फोन करून वरूनही बंद करून घेतली. देवळातला स्पीकर मध्येच गप्प झाला.

"आँ? पोळ्याच्या दिशी लाइट घालवली?" कोणीतरी ओरडलं.

"मॅडमनं घालवली," दुसऱ्यानं सांगितलं.

मी आणि काका वेलाकडे पाहत होतो. दोडक्याचा शेंडा पार वरच्या विजेच्या तारेला गुंडाळला होता. ओला, हिरवा, रसानं भरलेला वेल. चार दिवस तो विजेला वाट देत होता. फ्यूज उडायला मोठा प्रवाह लागतो. माणूस मरायला फार थोडा पुरतो. काकांनी कोयत्यानं वेल उतरवला. पानं खाली पडत गेली आणि ताण वरपासून खालपर्यंत उघडा झाला. त्यात अंडं नव्हतं. जिथे असायला हवं तिथे तारेला नुसती गाठ होती.

"ही गाठ कुणाची?" मी विचारलं. खरं तर ओळखली होती. प्रत्येक लाइनमनची तार पिळायची पद्धत वेगळी असते. काकांचा पीळ मी रोज पाहत होते.

काका शिडीवरून उतरले. "पहिले ताण रस्त्यात याचा. एका पोळ्याला आबाच्या बैलाची झूल त्याच्यात अडकली. बैल उधळला. गाव म्हनलं, वायरमन, ताण जरा आत घ्या. घेतला. तार कमी करताना अंडं खाली पडून फुटलं. दुसरं नव्हतं. म्हनलं, आज गाठ मारू, उद्या बसवू."

"मग?"

काका आपल्या गाडीकडे गेले, डिकी उघडली आणि जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या हातात ठेवलं. तपकिरी, गुळगुळीत, नवंकोरं अंडं. कापड मात्र विरलेलं होतं.

"हे कधीचं?"

"तवाचंच. आठ दिसात आणल्तं. मंग पोळा होऊन गेल्ता, कामं लागली. दरवर्षी शिडीवर चढलो की याद यायची. खाली उतरलो की लोक टोपी घालायचे."

मी अंडं हातात धरून उभी राहिले. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलं, आणि रागावता आलं नाही. त्या वेलाची दोडकी मीही खाल्ली होती.

आता वेळ दोघांच्याही हातात नव्हता. दुपारी तीनला बैल वेशीत येणार होते. काम तासाभराचं होतं, पण त्याहून कठीण गोष्ट वेगळी होती. अंकुशआबा समोर येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं काय दुरुस्त करायचं ते करा. पण तोरण हितंच बांधतेत. माझ्या आज्यापासून हीच जागा हाय."

चाळीस-पन्नास माणसं जमली होती. मी म्हणाले, "आबा, ताणाला काहीच बांधायचं नाही." मागच्यांना ऐकू गेलं नाही. "काय म्हनल्या?" "काय की, हळू बोलतेत." कोणीतरी हसलं. माझे कान तापले. दुरुस्ती झाल्यावर ताण सुरक्षित होईल, हे खरं होतं. पण बैलानं तोरण तोडताना बसणारा झटका वर्षानुवर्षं तीच गाठ आणि तोच खांब सोसत होता. आणि गर्दीत किती जण ताणाला धरून उभे राहायचे, हे मला आता दिसत होतं. हे सगळं मनात नीट होतं, तोंडात येत नव्हतं.

तेव्हा काका शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले.

"ओ आबा, ऐका. मॅडम बराबर म्हनून राह्यल्या. या ताणात चार दिसापासून लाइट उतरलेली हाय. आज मी चढलो असतो तं मी गेलो असतो. नसतो गेलो तं तुमचा बैल गेला असता, न्हाई तं पोरंसोरं. अन् चूक ना मॅडमची, ना मावशीच्या दोडक्याची. अंडं मी काढलं. मीच बसवलं न्हाई. इतके साल तुमची टोपी घातली अन् बसवलं न्हाई."

गावात काकांना चुकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. वेशीत उभं राहून स्वतःची चूक सांगणारा वायरमन तर नाहीच.

अंकुशआबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "मंग तोरण कशाला बांधता?"

"मेढ रोवू," काका म्हणाले. मेढ म्हणजे छपराला आधार देणारा लाकडी खांब. "तुमच्या जुन्या गोठ्याची पडून हाय ना, ती आना. खड्डा मी घेतो."

मग जो तास गेला तो माझ्या नोकरीतला सगळ्यांत चांगला तास असावा. मी अंडं बसवलं, ताण खेचून घेतला, प्रत्येक गाठ दोनदा तपासली. पलीकडे काका पहारीनं खड्डा घेत होते आणि आबांचे भाऊबंद मेढ घेऊन येत होते. मेढ उभी राहिली आणि तोरण बांधून पाहिलं तर ती लगेच आत झुकली. मी न राहवून हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, तेही हसले. मेढीला मागून दोरखंडाचा ताण द्यावा लागला.

लाइन सुरू केली. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मी सांगितलं, "आता काही भीती नाही."

द्वारकामावशींनी मान हलवली. "तुझ्या त्या दिव्याच्या पेनाचं काही सांगू नको माय. माझी म्हस सांगन."

त्या म्हैस घेऊन आल्या. सगळे बाजूला झाले. म्हैस पाच हातांवर थांबली. मान खाली घालून जमीन हुंगली. एक पाय पुढे टाकला, पुन्हा थांबली. मग ती सरळ ताणापाशी गेली आणि डोळे मिटून मान घासू लागली.

सगळं गाव हसलं. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिही आता वहीत." दोन वर्षं मी त्या म्हशीला जे करू नको म्हणत होते, ते ती करत होती, आणि मला तिला हाकलायचं सुचत नव्हतं. पाच मिनिटांनी हाकललं.

तीनला बैल आले. शिंगांना रंग, पाठीवर झुली. मागून दोन ट्रॅक्टरही आले, त्यांनाही बाशिंगं. आबांच्या बैलानं तोरण तोडलं, मेढ हलली, दोरखंड ताठ झाला, मेढ उभी राहिली. ताणाजवळ कोणी नव्हतं. काकांनी त्या वर्षी टोपी घ्यायला नकार दिला.

संध्याकाळी कार्यालयात मी अहवाल लिहायला बसले. 'ताणात इन्सुलेटर आढळला नाही, बसविला' इथपर्यंत लिहिलं. पुढे मूळ काम कोणी केलं, असा रकाना होता. मी पेन खाली ठेवलं. निवृत्तीला थोडेच महिने होते. 'माहीत नाही' लिहिलं असतं तर कोणीही विचारलं नसतं.

काका दारात उभे होते. "लिहा, मॅडम."

"काका..."

"आज उद्यावर टाकलं तं तुमच्याही डिकीत राहील."

मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांना नोटीस आली, त्यांनी उत्तर दिलं, ताकीद मिळाली. निरोपाच्या दिवशी तिचा उल्लेख कोणी केला नाही, त्यांनी स्वतः केला. मला अजूनही कधी कधी वाटतं की तो रकाना कोरा ठेवायला हवा होता. मग मी त्या शाखेतले सगळे ताण आठवते. पोळ्यानंतर आम्ही एकेका ताणाचा वेल काढून वर पाहिलं. आणखी तीन ठिकाणी अंडं नव्हतं. त्यांतला पीळ काकांचा नव्हता.

यंदाच्या पोळ्याला काका गावात आले ते पाहुणे म्हणून. मान मात्र त्यांचाच ठेवला होता. मेढ आता पक्की रोवली आहे. वर्षभर तिला द्वारकामावशींची म्हैस बांधलेली असते, फक्त पोळ्याच्या दिवशी ती जागा रिकामी करतात. दोडक्याचा वेलही मेढीवर आहे. काका शिडी लावून चढले, तोरणाचं टोक हातात घेतलं आणि थांबले. खाली मेढीच्या दोरखंडाशी मी उभी होते.

"मॅडम, ताण बघा," ते वरून म्हणाले.

मी काठीनं दोरखंडावर टक् केलं. काठी उडून परत आली. गाव वाट पाहत होतं, आबांचा बैल पाय आपटत होता, आणि मी बहुधा मोठ्यानं बोलले असावे, कारण पार लिंबापलीकडून द्वारकामावशींनी वळून पाहिलं.

"बराबर आहे, काका. बांधा."